आधी वकील, मग फौज

आपल्या घरांतून एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आले आहे : तलवारीने कमावले, लेखणीने गमावले. संक्रांतीच्या दिवसांत पानिपताचा विषय निघाला, एखाद्या व्याख्यानमालेत मराठेशाहीच्या अस्ताची मीमांसा झाली, की कोणीतरी हे वाक्य उच्चारतो आणि बैठकीतल्या साऱ्या माना डोलतात. वाक्य चटपटीत आहे, उच्चारणाऱ्याला शौर्याच्या बाजूला उभे असल्याचे समाधान देणारे आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. अलीकडे त्याला एक नवे शेपूट फुटले आहे. शेजारच्या एखाद्या देशात अंदाधुंदी माजली, तेथील आपल्या माणसांवर संकट आले, की आपल्याच ओसरीवर, आपल्याच मुलानातवंडांच्या तोंडून ऐकू येते : बोलणी कसली करता, फौज धाडा! बोलणी म्हणजे दुबळ्याचा वेळकाढूपणा आणि फौज म्हणजे समर्थाचा निर्णय, अशी ही सरळसोट वाटणी आहे.

आमचा या वाटणीलाच विरोध आहे. आम्ही शांततेचे प्रवचन करावयास बसलेलो नाही. माळव्यातील आपण बहुतेक सारे एका फौजेच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आलेल्यांचे वंशज आहोत. फौज निंद्य आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. आमचे म्हणणे इतकेच, की परमुलखात फौज नेणे हे राज्यकर्त्याच्या हातून घडणारे सर्वांत जोखमीचे कृत्य असून, त्याचे यशापयश पुष्कळसे फौज निघण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. आपण कोणासाठी जात आहोत, तेथील कोणाकोणाची त्याला संमती आहे, आणि परत केव्हा व कोणत्या अटीवर फिरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे तलवारीजवळ नसतात. ती मिळविणे हे वकिलाचे काम. वकील हा शब्द आम्ही येथे जुन्या अर्थाने, म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याचे राजकारण सांभाळणारा प्रतिनिधी या अर्थाने योजीत आहोत. ज्या मोहिमांत वकिलाने आपले काम आधी केले त्या टिकल्या. ज्यांत फौज आधी गेली आणि वकील मागून धावला, त्यांची गत आपल्याला ठाऊक आहे.

भैरवगढच्या काळभैरवाच्या मस्तकावरची पगडी आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही असे होणार नाही. पानिपतात घरची कर्ती माणसे गमावून बसलेल्या महादजी शिंद्यांनी आपली पगडी उतरवून देवाला वाहिली आणि गेलेले वैभव परत मिळावे म्हणून साकडे घातले, अशी तिच्यामागची आख्यायिका. शिंदे घराण्याकडून देवाला पगडी येण्याचा प्रघातही तिच्याशीच जोडला जातो. आख्यायिकेची कागदोपत्री शहानिशा करण्याचा हा प्रसंग नव्हे. परंतु आपण ती सांगतो कशी, याकडे आम्हाला लक्ष वेधावयाचे आहे. आपण ती नेहमी विजयाच्या वराची गोष्ट म्हणून सांगतो : पगडी वाहिली, देव प्रसन्न झाला, तलवार फळाला आली. पगडी उतरविणे म्हणजे काय, हे मात्र आपण विसरतो. मराठी माणसाने पगडी उतरविली याचा अर्थ त्याने मान बाजूला ठेवला आणि तो मागावयास उभा राहिला. ज्या पुरुषाची ही कथा आहे त्याने पुढची तेहेतीस वर्षे जे राजकारण केले, ते नेमके याच वृत्तीने केले. त्याकडे आम्ही येऊच. त्याआधी आपल्या गावाचा हिशेब पाहू.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर या दोघांना ठार केले. याहून निर्णायक विजय कोणता असावा? तरीही त्यानंतर लगेच उज्जैनवर चालून आलेल्या चिमाजी अप्पांना हे शहर घेता आले नाही. वेढा पडला, काही आठवडे चालला, आणि अखेर उठवावा लागला. म्हणजे ज्या उज्जैनला आपण शिंद्यांची पहिली राजधानी म्हणून अभिमानाने मिरवितो, ती भर विजयाच्या लाटेतही तलवारीने पडली नव्हती. पुढे मराठ्यांचा अंमल येथे हळूहळू बसत गेला हे खरे. पण माळवा रीतसर मराठ्यांकडे आला तो १७४१ मध्ये, म्हणजे अमझेऱ्यानंतर जवळजवळ तेरा वर्षांनी.

ही तेरा वर्षे कशात गेली? पुष्कळशी बोलण्यांत. ज्यांची वेधशाळा आजही शिप्रेच्या काठी उभी आहे ते सवाई जयसिंह तीन वेळा माळव्याचे सुभेदार होते. मराठ्यांना बळाने रोखता येणार नाही, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असा सल्ला ते दिल्लीच्या दरबारात देत राहिले. १७३६ मध्ये बाजीराव पेशवे स्वतः राजपुतान्यात जाऊन त्यांना भेटले. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळ कोंडल्या गेलेल्या निजामाने दुराहासराई येथे माळवा देण्याचे वचन लिहून दिले. पण निजामाचे वचन म्हणजे बादशहाची सनद नव्हे, हे पुण्याला उमगले होते. म्हणून बाजीरावांच्या मृत्यूनंतर नानासाहेबांनी पुन्हा जयसिंहांच्याच मध्यस्थीने बोलणे लावले आणि १७४१ मध्ये बादशाही फर्मान मिळविले. बदल्यात बादशहाच्या इतर मुलखास उपद्रव न देण्याचे आणि गरज पडेल तेव्हा फौजेनिशी चाकरी करण्याचे मान्य केले. इतकेच नव्हे, तर पेशव्यांनी करार मोडल्यास आम्ही त्यांची चाकरी सोडू, असा जामीन राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव यांनी लिहून दिला. जिंकणाऱ्या सरदारांनी आपल्याच धन्याच्या वर्तनाबद्दल हरलेल्याला हमी द्यावी, यात कोणाला कमीपणा दिसेल. आम्हाला त्यात माळव्यातील मराठी वस्तीचा पाया दिसतो. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, तेही याच समजुतीने, की ज्या गावात राहावयाचे त्या गावाच्या दैवताशी आणि माणसांशी नाते जोडावे लागते. आपण येथे टिकलो ते याच समजुतीवर.

आता याच गोष्टीचा पुढचा अध्याय पाहावा, कारण तो आपण व्याख्यानांतून सहसा वगळतो. सप्टेंबर १७४३ मध्ये जयसिंह वारले. त्यांच्या ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या दोन मुलांत गादीचा तंटा लागला. ज्याच्या मध्यस्थीने माळवा मिळाला त्याच्या घरात शांतता नांदावी, याहून मराठ्यांचे हित दुसरे काय असू शकत होते? पण झाले असे, की शिंद्यांनी एका भावाचा पक्ष धरला आणि होळकरांनी दुसऱ्याचा. एकाच जरीपटक्याखालची दोन घराणी दोन दावेदारांकडून खंडणीचे वायदे घेऊन मोकळी झाली. पुण्याहून पेशव्यांनी समेटाचा यत्न केला, तोही वसुलीच्या रेट्यात वाहून गेला. डिसेंबर १७५० मध्ये मराठी फौज दाराशी आली असता ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. माधोसिंह गादीवर बसला, आणि पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात शिरलेल्या हजारो मराठ्यांची तेथील लोकांनी कत्तल केली. ज्याला आपण गादीवर बसविले त्याच्याच नगरीत हे घडले. पुढे मारवाडच्या अशाच एका वारसातंट्यात, १७५५ मध्ये, नागोरच्या छावणीत बोलणी चालू असताना जयाप्पा शिंद्यांचा खून झाला. शिंदे घराण्यातील या पहिल्या मोठ्या बळीची कारणे शोधताना आपण राजपुतांच्या विश्वासघाताबद्दल पोटतिडकीने बोलतो. त्यांच्या घरात आपण कोणाच्या संमतीने शिरलो होतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मग १७५२ चा तो प्रसिद्ध करार. अब्दालीपासून आणि अंतर्गत शत्रूंपासून दिल्लीच्या बादशहाचे रक्षण मराठ्यांनी करावे, बदल्यात पन्नास लाख रुपये आणि पंजाब-सिंधच्या चौथाईसह इतर हक्क घ्यावेत, असे वजीर सफदरजंगाशी ठरले. लेखणीची यात काय चूक होती, असे कोणी विचारील. चूक होती, आणि ती आम्ही लपविणार नाही : ज्याच्याशी करार केला त्याच्या हातात करार पाळण्याचे बळच नव्हते. पुढच्याच वर्षी सफदरजंग वजिरीवरून गेला. पण त्याहून मोठा दोष कराराचा नव्हता, करारानंतरच्या वागण्याचा होता. सफदरजंग आणि इमाद-उल-मुल्क यांच्या यादवीत मराठ्यांनी इमादचा पक्ष घेतला. १७५४ मध्ये ज्या बादशहाच्या रक्षणाची हमी दिली होती त्याच अहमदशहाला पदच्युत करून आंधळे करण्याच्या कारस्थानाला मराठी फौजेचे पाठबळ मिळाले. त्याच वर्षी सुरजमल जाटाच्या कुंभेरीला वेढा पडला, आणि मल्हाररावांचे पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव तेथे कामी आले.

ही नावे एका ओळीत मांडली, की पानिपत कसे घडले हे सांगावे लागत नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले तेव्हा जयपूर आणि जोधपूर यांनी पाठ फिरविली. सुरजमल काही काळ बरोबर राहून दिल्लीहून निघून गेला. सफदरजंगाचा पुत्र शुजाउद्दौला याचे मन वळविण्यासाठी आपल्याकडून पत्रे गेली. नजीबखान रोहिला मात्र स्वतः उठून त्याच्याकडे गेला आणि त्याला अब्दालीच्या छावणीत घेऊन आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपली माणसे ज्या शौर्याने लढली त्याबद्दल एक अक्षरही कमी बोलण्याचे कारण नाही. पण ते शौर्य एकाकी होते, आणि हा एकाकीपणा दैवाने लादलेला नव्हता. जयपूर, जोधपूर, भरतपूर, अयोध्या ही चारही दारे आपण आपल्याच हातांनी, दहा वर्षांत, एकेक करून बंद केली होती. लेखणीने गमावले म्हणणाऱ्यांनी सांगावे, की या दहा वर्षांत लेखणीला कोणी विचारले होते? दिल्लीच्या दरबारी असलेल्या हिंगण्यांसारख्या वकिलांची पत्रे आज छापील उपलब्ध आहेत. परमुलखात आपले मित्र कोण उरले आहेत, पैसा कोठून येणार, कोणता शब्द पाळला नाही म्हणून कोण रुसला आहे, हेच त्या पत्रांचे विषय आहेत. अशी पत्रे येत राहिली आणि सरदार खंडणीचा हिशेब करीत राहिले.

पानिपतातून जायबंदी पाय घेऊन परतलेल्या महादजींनी हा धडा आपल्या पिढीत सर्वांत पक्का गिरविला, असे आमचे मत आहे. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. पण त्यांची खरी थोरवी आम्हाला १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात दिसते. एकीकडे पुण्याचे कारभारी आणि दुसरीकडे कंपनी, या दोघांमध्ये लढणाऱ्या पक्षातलाच एक सरदार जामीन म्हणून उभा राहिला. साष्टी इंग्रजांकडे राहिली हे शल्य होतेच. पण वसईसह बराच मुलूख परत मिळाला, आणि ज्याच्या नावाने इंग्रज पुण्याच्या राजकारणात शिरले होते त्या राघोबादादांचा पक्ष त्यांनी कायमचा सोडला. नाना फडणिसांनीही हैदरअलीच्या मृत्यूपर्यंत, डिसेंबर १७८२ पर्यंत, संमती लांबविली आणि शेवटच्या क्षणापर्यंत आपला पर्याय हातात ठेवला. दोघांचे एकमेकांशी पटत नसले तरी दोघेही एकच गोष्ट जाणून होते : तह हा लढाईचाच एक भाग असतो, आणि त्यालाही वेळ साधावी लागते. त्यानंतर वीस वर्षे इंग्रजी फौज मराठ्यांवर चालून आली नाही. कोणत्या एका लढाईने आपल्याला इतका अवधी मिळवून दिला होता?

महादजींनाही अपयश आले. १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकी आणि स्वतःकडे तिची नायबी मिळविल्यावर, जयपूरच्या थकलेल्या खंडणीचा प्रश्न त्यांनी फौजेने सोडविण्याचा यत्न केला आणि १७८७ मध्ये लालसोटला बादशाही पलटणी त्यांना सोडून शत्रूला मिळाल्या. पगार थकले होते, जहागिऱ्या काढून घेतल्याने उमराव दुखावले होते. आमच्या म्हणण्याला हा अपवाद नसून त्याचा पुरावाच आहे. आणि या संकटातून ते वर आले ते कशाच्या बळावर? भरतपूरच्या रणजितसिंह जाटाशी त्यांनी मैत्री राखली होती. १७६० मध्ये सुरजमल गमावला गेला. १७८७ मध्ये त्याचाच मुलगा सोबत राहिला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने शहाआलमचे डोळे काढल्यावर महादजींच्या फौजेने दिल्ली सोडविली, पुढे १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे डी बॉयनच्या पलटणींनी विजय मिळविले. पण त्यासाठी लागणारा श्वास घेण्याची जागा त्या मैत्रीने दिली होती. सारी उत्तर हाताखाली आल्यावरही हा पुरुष स्वतःला पाटील म्हणवीत राहिला. पगडी उतरविणे त्याला जमत होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वसईचा तहही लेखणीनेच झाला ना? होय, झाला. जुलै १८०१ मध्ये याच उज्जैनजवळ यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या; ऑक्टोबरात शिंद्यांच्या लोकांनी इंदूर लुटले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईनंतर दुसरे बाजीराव पुण्याहून पळाले, आणि ३१ डिसेंबरला वसईस त्यांनी सहा हजार कंपनी शिपायांची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख आणि परराष्ट्रव्यवहारावर कंपनीचे नियंत्रण मान्य केले. पुढच्या मे महिन्यात इंग्रजी फौजेने त्यांना पुण्यात आणून गादीवर बसविले. राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेस जे केले होते त्याचीच ही पूर्ण आवृत्ती होती.

मुत्सद्देगिरीची आरती ओवाळणाऱ्यांनी हे विसरू नये, की परकी फौज आपल्या घरात येते तीही बहुधा कोणाच्या तरी सहीने येते. प्रत्येक करार पवित्र असतो असे आम्ही म्हणत नाही. उलट, ज्या तीन प्रश्नांनी आम्ही आरंभ केला त्यांवर वसईचा तह घासून पाहावा. तो कोणासाठी होता? एका माणसाच्या गादीसाठी. त्याला शिंदे, होळकर, भोसले यांपैकी कोणाची संमती होती? कोणाचीही नाही. फौज परत केव्हा जाणार होती? कधीच नाही, ती कायम राहावी हेच तर त्या तहाचे कलम होते. सालबाई आणि वसई ही दोन्ही कागदावरची अक्षरे आहेत; पण एकीत आपण तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळवून सही केली, दुसरीत तिन्ही प्रश्न टाळून. दोष लेखणीचा म्हणावयाचा तर याच लेखणीचा म्हणावा. आणि १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले लढत असता यशवंतराव पाहत राहिले, पुढच्या वर्षी यशवंतराव लढत असता दौलतराव पाहत राहिले, ही तर आपल्यातल्या आपल्यात वकिली बंद पडल्याची फळे होती.

हे सारे अठराव्या शतकातले झाले, आता रणगाड्यांच्या आणि विमानांच्या काळात त्याचे काय, असे तरुण वाचक म्हणतील. म्हणून स्वतंत्र भारताने परमुलखात फौज नेल्याची दोन उदाहरणे समोर ठेवतो.

पहिले १९७१ चे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले तेव्हा, एप्रिलातच, फौज धाडा ही मागणी देशभर घुमत होती. सेनाप्रमुख माणेकशा यांनी तयारीला वेळ मागितला, आणि तो वेळ रिकामा गेला नाही. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी पाश्चात्त्य राजधान्यांतून फिरल्या. अमेरिकेचे मन वळले नाही, पण जगाला वस्तुस्थिती कळली. ३ डिसेंबरला पाकिस्ताननेच हवाई हल्ला करून युद्ध ओढवून घेतले, ६ डिसेंबरला भारताने बांगलादेशाला मान्यता दिली, म्हणजे फौज कोणासाठी लढत आहे हे जगाला सांगितले. सुरक्षा समितीत सोव्हिएत नकाराधिकाराने युद्धबंदीचे ठराव अडविले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले, आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज माघारी फिरली. तेरा दिवसांचे युद्ध आपण साजरे करतो; त्याआधीचे आठ महिने विसरतो.

दुसरे उदाहरण १९८७ चे. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग भारतीय शांतिसेना जाफन्यात उतरली. ज्यांच्या हातातील शस्त्रे खाली ठेवावयाची होती ते तमिळ वाघ या करारावर सही करणारे नव्हते. श्रीलंकेचे पंतप्रधान प्रेमदासा यांचाही त्याला विरोध होता. ऑक्टोबरात, ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यातील लढवय्यांशीच आपल्या जवानांना लढावे लागले. प्रेमदासा अध्यक्ष झाल्यावर त्यांनी फौज परत नेण्याची मागणी केली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान प्राणांस मुकले होते, आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला खुद्द राजीव गांधींचा बळी गेला. १७५२ चा सफदरजंगाशी झालेला करार ज्याने वाचला आहे त्याला यात ओळखीचे काही दिसल्यावाचून राहणार नाही : ज्याच्याशी करार केला त्याच्या हाती तो पाळण्याचे बळ नव्हते, ज्यांच्या हाती बळ होते ते कराराच्या बाहेर होते, आणि हमी मात्र आपल्या शिपायांच्या रक्ताने दिली होती. शिपाई कोठेही कमी पडले नाहीत. त्यांना पाठविण्याआधीचे काम अपुरे राहिले.

न जाण्याचा निर्णय घेणे हेही मुत्सद्देगिरीचेच काम असते. २००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये भारतीय फौज मागितली, साधारण एका डिव्हिजनएवढी. मोठ्या राष्ट्राशी जवळीक साधण्याची ती संधी आहे, असे आपल्याकडील पुष्कळ जाणते म्हणत होते. आपल्या बडनगरात ज्यांचे शालेय शिक्षण काही काळ झाले त्या अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने जुलैमध्ये, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असे सांगून नकार दिला. तेव्हा त्याला भित्रेपणा म्हणणारेही होते. इराकचे पुढे जे झाले ते पाहता आज तसे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आणि बलाढ्यांनाही हा नियम चुकत नाही, हे अफगाणिस्तानने दाखविले. २००१ मध्ये काही आठवड्यांत काबूल घेणाऱ्या अमेरिकेने २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात तालिबानशी माघारीचा करार केला तो काबूलच्या सरकारला बाजूला ठेवून. ज्याचे घर त्याचीच सही नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले.

आपल्याच भैरवगढच्या छिपांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कापडाला जेथे रंग लागू द्यावयाचा नाही तेथे ते वितळलेले मेण आधी लावतात, आणि मगच कापड रंगाच्या हौदात सोडतात. रंग चढल्यावर मेण लावून उपयोग नसतो. फौज हा असाच रंग आहे. तो कोठवर पसरू द्यावयाचा, हे त्याला सोडण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागते.

तेव्हा आमचे आपल्या समाजाला सांगणे असे. आपल्या मंडळांतून पानिपताच्या वीरांची स्मृती जागविली जाते ती जागविली जावोच. पण वर्षातील एक व्याख्यान वकिलांवर ठेवावे. हिंगणे दफ्तर, महेश्वर दरबारची बातमीपत्रे हे ग्रंथ आपल्या वाचनालयांच्या कपाटांतून बाहेर यावेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल बांधलेले पडून आहेत. त्यांत लढायांची वर्णने थोडी आणि वसुली, समेट, जामीनकी, सोयरीक यांची पत्रे अधिक सापडतील, कारण आपल्या पूर्वजांचे येथले खरे आयुष्य त्यातच गेले. ती वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. मोडी शिकण्याची सोय आहे तोवर घरटी एका तरुणाने ती शिकून घ्यावी.

आणि फौजेत जाणाऱ्या आपल्या मुलांबद्दल. आपल्या कुळांतून आजही मुले सैन्यात जातात, आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. ओसरीवर बसून फौज धाडा म्हणणाऱ्याला ते म्हणण्याची किंमत पडत नाही. ती पडते या मुलांना. त्यांचा मान राखावयाचा तर त्यांना पाठविणाऱ्यांना आपण प्रश्न विचारले पाहिजेत : कोणासाठी, कोणाच्या संमतीने, आणि परत केव्हा? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर फौजेला निरोप देणाऱ्यांत आम्ही पहिले असू. उत्तरे मिळाली नाहीत, तर दोष तलवारीचा की लेखणीचा हा वाद पानिपतानंतर झाला तसा पुन्हा होईल, आणि ज्यांच्यासाठी तो व्हावयाचा ते तो ऐकावयास परत आलेले नसतील.